सू-युएचा चेहरा

१३ मार्च

आज दुकान बंद ठेवलं. चियायीत टर्की-भाताचं दुकान भर दुपारी बंद दिसलं की लोक समजतात घरात मयत झाली. शेजारचा चहावाला विचारायला आलाच. त्याला सांगितलं, गॅसची नळी बदलायची आहे. हे लिहायला घेतलं कारण खरं कुठेतरी सांगावं लागतं, आणि दुकानात सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ते देवळाच्या चौकात पोचतं.

बायकोच्या, सू-युएच्या, खोकल्याचा निकाल लागला. फुफ्फुसाचा कर्करोग. छातीच्या आतल्या अस्तरापर्यंत गेलाय, त्यामुळे कापून काढता येत नाही. डॉक्टर थु वयाने आमच्या मुलीएवढी, पेई-शानएवढीच आहे. पोरासारखे आखूड केस, बोलताना टेबलावर बोटाने रेघा ओढायची सवय.

मी म्हणालो, "डॉक्टर, सिगारेट मी ओढतो. हिने जन्मात एक ओढली नाही. रिपोर्टांची अदलाबदल झाली असेल."

"नाही काका. आपल्याकडे कधीही न ओढणाऱ्या पुष्कळ बायकांना हा होतो. दुकानात तळणीला कोण उभं असतं?"

"ही. मी पुढे गल्ल्यावर."

"वर पंखा आहे? धूर ओढणारा?"

"पुढे आहे. गिऱ्हाइकांना उकडतं ना."

तिने काहीतरी टिपून घेतलं. पण नक्की कशाने झालं ते कोणीच सांगू शकत नाही असंही म्हणाली. म्हणजे सिगारेटमुळे असं काही नाही. तेवढं एक बरं झालं.

मग तिने समजावून सांगितलं. शरीरातली पेशी एकटीने जगत नाही म्हणे. आजूबाजूने तिला सतत निरोप यावा लागतो, जग, वाढ. निरोप आलाच नाही तर ती गुपचूप मरून जाते, आणि ते बरोबरच आहे. निरोप घ्यायला पेशीच्या अंगावर कान असतात असं समजा. सू-युएच्या गाठीतला हा कान बिघडलाय. कोणी काही बोललेलं नसताना त्याला दिवसभर 'जग, वाढ' ऐकू येतं. रोज एक गोळी घ्यायची, ती हा कान बंद करते. बरं होणार नाही, पण आवरेल. कदाचित बराच काळ.

सू-युए डॉक्टरच्या बोटाकडे बघत होती. मग म्हणाली, "आणि चांगल्या पेशींचे कान?"

डॉक्टरने तिच्याकडे नीट बघितलं. "तेही बंद होणार, काकू. चेहऱ्याची कातडी, नखांच्या कडा, आतडी, सगळ्यांना तोच निरोप लागतो. पुरळ उठेल, जुलाब होतील. पुरळ आलं म्हणजे गोळी पोचते आहे असं समजा, घाबरू नका."

गोळी उपाशीपोटी. पहाटे घ्यायची आणि तासभर काही खायचं नाही. विम्यातून मिळते.

स्कूटरवर मागे बसून ती काहीच बोलली नाही. मला वाटलं रडत असेल. घरी आल्यावर म्हणाली, "मालक, उद्याचे कांदे आणले नाहीत." दुकान लावलं तेव्हापासून ती मला मालक म्हणते. आधी थट्टेने म्हणायची, आता सवयीने.

२९ मार्च

पुरळ आलं. आधी नाकाच्या दोन्ही बाजूंना, आज कपाळभर. लाल, वर पिवळं टोक. सकाळी दिवा लावून नीट बघितलं आणि एवढा आनंद झाला की दुधवाल्याला चहा पाजला.

सू-युए म्हणाली, "लग्नापासून माझ्या तोंडाकडे बघून तुम्ही इतके खूश पहिल्यांदाच झालात."

तिची जीभ आजारात बारीक झालेली नाही.

१६ मे

गाठ निम्म्यावर आली. डॉक्टर थुने पडद्यावर आधीचं आणि आत्ताचं चित्र शेजारी शेजारी लावून दाखवलं. मला धुकंच दिसलं, पण ती म्हणाली म्हणजे असेल.

चेहरा मात्र बघवत नाही. नाकावर खपल्या, डोक्यात फोड, पापण्या वेड्यावाकड्या वाढून डोळ्यात टोचतात. हातापायांना नखुर्डी. तळणीसाठी बारीक लाल कांदे सोलायचे तर रबरी हातमोजे घालते आणि तरी तोंडातून हूं निघतो. डॉक्टरने मलम दिलं, गोळी थोडी कमी करू का असंही विचारलं. मीच नको म्हणालो. चाललंय तर हात कशाला लावायचा.

दुपारच्या गर्दीत ती पुढे भात वाढायला उभी राहायची. काल एक बाई वाडगा तसाच ठेवून उठून गेली. आजपासून सू-युएला मागे बसवलं आणि मध्ये पडदा लावला. तिच्याच सोयीसाठी. लोकांच्या नजरा कशाला सोसायच्या. पडद्याआडून ती गिऱ्हाइकांच्या आवाजावरून ओळखते, हा मास्तर, याला चरबी कमी, ही केस कापणारी, हिला वर अर्धं अंडं. चुकत नाही.

८ जुलै

पेई-शान ताइचुंगहून लग्नाचा मुलगा दाखवायला घेऊन आली. मिंग-चे ल्याव. दातांचा डॉक्टर, बापही दातांचा डॉक्टर, स्वतःचं दुमजली क्लिनिक. मुलगा शांत आहे. भाताचे दोन वाडगे खाल्ले आणि स्वतःचा वाडगा उचलून धुवायला नेला. सू-युएने पडदा बाजूला सारून त्याला आत घेतलं, दोघं मागे बराच वेळ बोलत होते.

मुलगा परत गेल्यावर मी पेई-शानला स्पष्ट सांगितलं, आईच्या आजाराचं त्यांच्याकडे अवाक्षर काढायचं नाही. असली घरं आधी कुळातले रोग मोजतात. लग्न होऊन जाऊ दे, मग सावकाश सांगू.

"आईला विचारलंत का?" ती म्हणाली.

"आईला काय विचारायचं? तिलाही तुझं लग्नच हवंय."

पेई-शान काहीतरी बोलणार होती, पण गप्प राहिली. आईवर गेलीय.

२ सप्टेंबर

व्याही जेवायला आले. रेल्वे स्टेशनजवळच्या मोठ्या हॉटेलात वरची खोली घेतली होती. सू-युएला मास्क लावून आणलं, पण जेवताना काढावाच लागला.

विहीणबाईंनी जेवायच्या काठ्या खाली ठेवल्या. बाई हळू बोलतात. म्हणाल्या, "ताई, चेहऱ्याला काय झालं हो? बरं नाही का तुम्हाला?"

मी तयारीत होतो. म्हणालो, "कोळंबी. हिला कोळंबी सोसत नाही, तरी खाते. परवा खाल्ली आणि हे असं."

विहीणबाईंनी सू-युएकडे बघितलं. सू-युएने माझ्याकडे बघितलं. मग तिने हात लांब करून मधल्या ताटलीतली सगळ्यात मोठी कोळंबी उचलली, सावकाश सोलली, नखुर्ड्यांनी सुजलेल्या बोटांनी, आणि चावून चावून खाल्ली. व्याह्यांनी हवेचा विषय काढला.

घरी येताना मी चिडून म्हणालो, "हा काय तमाशा?"

"सोसते मला कोळंबी. आवडते."

तारीख ठरली, सतरा नोव्हेंबर. पंचांग दाखवून आणलं. एवढं सांभाळून घेतलं म्हणून ठरली.

७ ऑक्टोबर

लग्नाची कामं. हॉल पेई-शानने बघितलाय. मोठ्या पडद्यावर फोटो दाखवणार, आईबाप मंचावर जाऊन व्याह्यांबरोबर उभे राहणार, मग टेबलाटेबलाला फिरून पेले उंचावायचे. चाळीस टेबलं. तेवढे लोक, तेवढे मोबाईल. माझ्या डोळ्यांपुढे सू-युएचं तोंड आलं आणि झोपच लागेना.

विचार करून मार्ग काढला. माझी धाकटी बहीण मेई-ल्यान दिसायला ठसठशीत आहे, चारचौघांत बोलता येतं. मंचावर माझ्याबरोबर ती उभी राहील. निवेदकाने 'वधूचे वडील आणि आत्या' म्हणायचं. सू-युए पहिल्या टेबलावर आरामात बसेल, मास्क लावून, खोकला आहे म्हणता येईल. तिला उभं राहायचा त्रास नाही, कोणाचे प्रश्न नाहीत.

रात्रीचं आवरल्यावर तिला सांगितलं. ती कढई घासत होती.

"बरं," म्हणाली.

वाटलं होतं दोन टोमणे तरी ऐकावे लागतील. एका शब्दात ऐकलं. मेई-ल्यानला फोन केला, ती लगेच कापड बघायला गेली.

१४ ऑक्टोबर

देवळामागच्या जडीबुटीच्या दुकानातल्या म्हाताऱ्याला विचारलं. त्याने दवण्यासारख्या वासाचा पाला, कसली तरी पिवळी फुलं आणि एक साल अशी पुडी बांधून दिली. उकळून गार करायचं आणि सकाळ-संध्याकाळ तोंड धुवायचं. पोटात घ्यायचं नाही, म्हणजे गोळीशी भांडणही नाही. सू-युए आढेवेढे न घेता धुऊ लागली. या आठवड्यात ती फार ऐकते माझं.

२४ ऑक्टोबर

गुण येतोय. मी उगाच म्हणत नाही. खपल्या पडल्या, खालची कातडी गुलाबी. रोज सकाळी तिला दाराच्या उजेडात उभी करून हनुवटी वर करून बघतो. काल कपाळावर एकही नवा फोड नव्हता. जुलाबही थांबलेत. पाल्याचा वासच पोटापर्यंत जात असणार. आणि भूक किती सुधारलीय. आधी पहाटे उठून घड्याळाकडे बघत बसायची, आता उठल्या उठल्या रताळं घातलेली पेज गरम करते आणि उभ्या उभ्याच वाडगाभर खाते. मला म्हणाली, "मालक, पेज इतकी चांगली लागते हे मी विसरलेच होते."

जडीबुटीवाल्याला अर्ध्या टर्कीचा डबा नेऊन दिला.

१ नोव्हेंबर

नखुर्डी वाळली. हातमोज्यांशिवाय कांदे सोलते. पडद्याआड गाणंही गुणगुणत होती. मी पडदा काढून टाकला. दुपारी ती पुढे उभी राहून भात वाढत होती आणि केस कापणारी म्हणाली, "काकू, कुठलं क्रीम लावता ते सांगा की." सगळे हसले. सू-युएसुद्धा.

इस्पितळात भेटलेले वेई मास्तर आठवले. त्यांच्या बायकोला हीच गोळी आहे, तसाच चेहरा. त्यांना फोन करून पाल्याचं सांगितलं आणि दोन पुड्या पाठवल्या. आज त्यांचा फोन, की काही फरक नाही. मी विचारलं, किती वेळ उकळता? म्हणाले, तुम्ही सांगितलं तेवढा. काहीतरी चुकत असणार. मास्तर लोकांना चूल कळत नाही.

बाराला डॉक्टरची तारीख होती. सू-युएने परस्पर फोन करून पुढे ढकलली. म्हणाली, लग्नाच्या धांदलीत कुठे जायचं. पटलं. चेहराच सांगतोय कशी आहे ते.

मेई-ल्यानला सांगितलं, आता तुझी गरज पडेलसं वाटत नाही. ती म्हणाली, कापड शिवायला टाकलंय. थोडी फुगली. सू-युएला हे कळल्यावर तिने फक्त मान हलवली आणि कांदे परतायला लागली. फार छान परतत होती. बरोबर सोनेरी झाल्यावर कढई उतरवली.

१८ नोव्हेंबर

कालचा दिवस.

सकाळी पेई-शान गाडीत बसली. गाडीमागे परातीतलं पाणी ओतायचं असतं, ओतलेलं पाणी मागे येत नाही तशी मुलगी सासरीच सुखाने राहो. परात मी धरली होती. सू-युएने माझ्या हातातून घेतली आणि स्वतः ओतली. वाकताना खोकला आला, जरा जास्तच. पाणी गार होतं.

हॉलमध्ये ती जांभळ्या झग्यात मंचावर चढली. मी शेजारी. समोर चारशे माणसं. कोणी म्हणावं हिला काही आहे? गाल चकचकीत, कपाळ स्वच्छ. दुकानाची जुनी गिऱ्हाइकं शिट्ट्या मारत होती. विहीणबाईंनी तिचा हात हातात घेतला तो सोडेचनात. तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मला बरं वाटलं. त्या दिवशी हॉटेलात नाक मुरडणारी हीच बाई.

टेबलं फिरून होईपर्यंत सू-युएला दम लागला. भिंतीला टेकून उभी राहिली. मी म्हणालो, बस. म्हणाली, "आज नाही बसायचं."

आल्यावर झोपण्यापूर्वी आरशात बराच वेळ बघत होती. मी म्हणालो, "त्या म्हाताऱ्याच्या पाल्याचे उपकार." ती म्हणाली, "हो, त्याचेच."

४ डिसेंबर

खोकला वाढलाय. आडवं झालं की श्वास पुरत नाही, खुर्चीत बसून झोपते. चेहरा पुन्हा लाल व्हायला लागलाय, म्हणजे पाल्याची सवय झाली असावी, म्हाताऱ्याकडून जास्त कडक पुडी आणली.

आज दुपारी डाव्या हातातून झारा पडला. उचलून दिला, पुन्हा पडला. तिने हाताकडे असं बघितलं जणू दुसऱ्या कुणाचा आहे. डॉक्टरकडे अकराला जायचं आहे.

११ डिसेंबर

छातीत पाणी. मेंदूत तीन ठिपके.

डॉक्टर थुने रेघा ओढल्या नाहीत. हात टेबलाखाली ठेवून विचारलं, "काकू, गोळी रोज घेत होतात?"

"नाही."

मी म्हणालो, "घेत होती. रोज पहाटे घेते."

"मालकांना झोपेत काय दिसणार," सू-युए म्हणाली. "ऑक्टोबरात थांबवली. लग्न झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चालू केली."

डॉक्टरने हात वर घेऊन फाईल मिटली. मग म्हणाली, "एक फोन करायचात. गोळी कमी केली असती, दुसरं औषध दिलं असतं. पुरळ पुष्कळ आवरता येतं."

"आवरलेलं पुरळही दिसतंच की. मला ते दिसायलाच नको होतं."

"कशासाठी पण?"

"मुलीच्या लग्नात मंचावर मुलीची आई उभी राहावी म्हणून."

हे ती डॉक्टरला म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी विचारलं, गोळी चालू असती तर हे झालं नसतं का? डॉक्टर म्हणाली, गोळी थांबली की तो निरोप पुन्हा जायला लागतो, कातडीला जातो तसाच गाठीलाही. पण गोळी घेत असतानाही या पेशी कधी कधी जगायची दुसरी वाट शोधून काढतात, ते तर बहुतेकांच्यात केव्हातरी होतंच. काकूंच्यात कोणतं झालं हे तपासून कदाचित कळेल, कदाचित नाही.

म्हणजे कोणाला दोष देता येत नाही. डॉक्टरनेच सांगितलं.

पाणी काढायला दाखल करून घेतलं. मी एकटा घरी आलो.

१२ डिसेंबर

ज्या दिवसांत चेहरा सुधारत होता त्या दिवसांत मी रोज सकाळी तो दारात धरून बघत होतो. आत काय होत होतं.

मेई-ल्यानचं मी सुचवलं ते तिच्याच भल्यासाठी. नको होतं तर नको म्हणायचं. ती 'बरं' म्हणाली होती. बरं म्हणजे बरं.

मग हे तिच्या डोक्यात कोणी भरवलं? मला तिच्या मोठ्या बहिणीचा संशय आहे. सू-छिनताई बुदाय गावी समुद्रावर असते, कालवं काढते, डॉक्टरांवर विश्वास नाही आणि बोलायला फटकळ. ऑक्टोबरात दोघींचे फोन फार चालले होते.

१६ डिसेंबर

विहीणबाई इस्पितळात आल्या, पेरूंची पेटी घेऊन. सू-युए झोपली होती. आम्ही बाहेर बाकावर बसलो. मी सुरुवात केली, की आम्हालाही नुकतंच कळलं, लग्नानंतरच कळलं.

त्यांनी मला थांबवलं. "व्याहीबुवा, मिंग-चेने जुलैतच सांगितलं होतं सगळं. पहिल्यांदा तुमच्याकडे जेवून आला त्याच रात्री. सू-युएताईंनी स्वतःच त्याला सांगितलं होतं, पडद्यामागे. म्हणाल्या, लपवून पोरगी द्यायची नाही."

मी पेरूंच्या पेटीकडे बघितलं.

"हॉटेलात मी मुद्दाम विचारलं. म्हटलं, विषय निघाला की मोकळेपणाने बोलता येईल, ताईंना धीर देता येईल. तुम्ही कोळंबी म्हणालात. मग मी काय बोलणार? नवऱ्याला खोटं पाडायचं का त्यांच्यादेखत?"

"मग लग्नात तुम्ही…"

"लग्नात चेहरा बघितला आणि वाटलं, औषधाने किती छान गुण आलाय. देवाचे आभार मानले मी." त्या पेरूंची पेटी नीट करत राहिल्या. "आमच्या घरात पुरळाला कोण विचारणार होतं हो?"

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी एकटा सांभाळत बसलो होतो. पेई-शानला संध्याकाळी फोनवर झाडलं, बापाला एका शब्दाने सांगता येत नव्हतं? ती म्हणाली, "सांगायला लागले होते, बाबा. तुम्ही म्हणालात आईला काय विचारायचं." आणि रडायला लागली. रडण्यापुढे काय बोलणार.

२७ डिसेंबर

डोक्याला किरणं दिली. दुसरी गोळी चालू झाली, नवी. तीही तसाच कान बंद करते म्हणे, वेगळ्या बाजूने. आज घरी सोडलं. म्हणजे सोडायचं होतं. इस्पितळाच्या दारात सू-छिनताई टेम्पो घेऊन उभी. मागे गादी टाकलेली.

"हिला मी नेते," म्हणाली.

"ताई, घर इथे आहे तिचं."

"घर आहे, दुकान आहे, गिऱ्हाइकं आहेत. माहितीय."

मी सू-युएला म्हणालो, तू सांग. ती टेम्पोत चढायची धडपड करत होती, डावा पाय साथ देत नव्हता. मी हात द्यायला पुढे झालो तोवर ताईने काखेत धरून वर घेतलं.

"दुकानात मागे कोण बघणार?" मी म्हणालो. मला म्हणायचं होतं की मी एकटा कसा राहू, तोंडातून हे निघालं.

सू-छिनताई गाडीत बसता बसता म्हणाली, "बहिणीला बोलवा की. कापड शिवून तयार आहे तिचं."

टेम्पो गेला. मी मेई-ल्यानचं ताईला कधीच सांगितलं नव्हतं.

९ जानेवारी

कांदे जळतात. मंद आचेवर ठेवले तर तेलकट राहतात, जरा वाढवली की कडू. आमच्या भाताची सगळी चव त्या कांद्यात आणि चरबीत. केस कापणारीने अर्धा वाडगा ठेवला. चरबी कमी घेणारे मास्तर म्हणाले, "काकू कधी येणार?" मेई-ल्यान दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, दादा, त्या धुरात माझे डोळे जातील, इथे माणूस उभं राहतं कसं?

धूर खरंच आहे. मला एवढा असेल असं वाटलं नव्हतं. दुपारनंतर छाती भरून येते, बाहेर जाऊन सिगारेट ओढली की जरा मोकळं वाटतं.

पंखेवाल्याला बोलावून मागच्या भिंतीला भोक पाडून घ्यायचं ठरवलं. तो म्हणाला, "इतकी वर्षं असंच चालवलंत?" चांद्र नववर्षानंतर येतो म्हणाला.

वेई मास्तरांची बायको गेली. त्यांनी कळवलं. मी काय बोलावं ते न कळून म्हणालो, तुमच्याकडे पाला उरला असेल तर टाकून द्या. त्यांनी फोन ठेवून दिला.

२० जानेवारी

आज रविवार. बुदायला गेलो. टर्कीचं चांगलं मांस, भात वेगळा, कांदे तीनदा तळून त्यातले बरे निवडलेले, असा डबा घेतला. वाटेत वारा एवढा की स्कूटर सरळ राहीना.

ताईचं अंगण म्हणजे कालवांच्या शिंपल्यांचा डोंगर. छपराखाली पाच-सहा बायका बुटक्या स्टुलांवर बसून शिंपले उघडत होत्या. सू-युए मध्ये, पाठीला उशी, मांडीवर गोधडी. नव्या गोळीचं पुरळ कमी आहे, पण आहे, हनुवटीवर आणि गालांवर. तोंड उघडं. एक म्हातारी तिला काहीतरी सांगत होती, नवऱ्याचीच गोष्ट असावी, कारण सगळ्या हसत होत्या. सू-युए सगळ्यात जास्त. हसता हसता खोकला आला, तरी हसत होती. मी स्कूटर कुंपणापाशी लावून जरा थांबलो. ती अशी हसताना शेवटची कधी बघितली ते आठवायचा प्रयत्न केला.

मग तिने मला बघितलं आणि मास्क वर ओढला.

बायका आपापल्या शिंपल्यांकडे वळल्या. मी डबा दिला. तिने उजव्या हाताने एक कांदा उचलून मास्कखालून तोंडात टाकला.

"कडू झालाय."

"तीनदा तळला."

"चरबी जास्त तापते तुमची. धूर निघायच्या आधी कांदे टाकायचे. धूर निघाला की उशीर झाला."

मी शेजारी बसलो. तिचा डावा हात गोधडीवर पडला होता, तो धरला. तिने काढून घेतला नाही. हाताला कळलं का नाही, ते माहीत नाही. मी पंख्याचं सांगितलं, भिंतीला भोक पाडणार म्हणून. ती म्हणाली, "छान." विहीणबाईंचे पेरू गोड होते म्हणाली. पेई-शान रोज फोन करते म्हणाली. मग आम्ही शिंपल्यांचा आवाज ऐकत बसलो. मला विचारायचं होतं, मला का नाही सांगितलंस. पण तिथे एवढ्या बायका.

निघताना म्हणाली, "मालक, रविवारी येत जाऊ नका."

"का?"

"रविवारी दुकानात गर्दी असते."

"मग सोमवारी येतो. दुकान बंदच असतं."

"सोमवारी माझी झोपायची वेळ असते."

एवढ्या आजारातही तिला दुकानाची काळजी आहे. इतक्या वर्षांचा संसार असा वाया जात नाही. येताना वारा पाठीला होता, लवकर पोचलो. मंगळवारचं ती काही बोलली नाही. मंगळवारी जाईन.